सक्ती नेमकी कोणावर?

ल्योराख (जर्मनी)



जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, स्वित्झर्लंडच्या सीमेला अगदी खेटून असलेल्या ल्योराख या गावाहून हे वार्तापत्र लिहीत आहे. गाव मूळचे कापडाचे. येथील कापड छपाईचा कारखाना १७५३ सालचा, आणि त्यामागून वीझेनटालच्या खोऱ्यात सूतगिरण्या व माग उभे राहिले. आपल्या सोलापूरच्या जुनी मिल आणि लक्ष्मी-विष्णू या गिरण्या जशा बंद पडल्या, तशाच येथील बहुतेक गिरण्याही बंद पडल्या. आता येथील पुष्कळ माणसे रोज सकाळी एस-६ या लोकलने सीमा ओलांडून बासेलला कामाला जातात. सीमेच्या दोन्ही बाजूंना आरोग्य विमा सक्तीचाच आहे. पण जर्मन बाजूला तो पगारातून निमूटपणे कापला जातो, तर स्विस बाजूला त्याच्या ओझ्यावरून सगळ्या देशाला मतदानाला जावे लागते. हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण सोलापूरच्या बिडी आणि यंत्रमाग कामगारांचा प्रश्न त्यातच दडलेला आहे.

आधी जर्मन पगारपत्रक पाहू. एकूण पगाराखाली केव्ही, आरव्ही, एव्ही, पीव्ही अशा चार कपाती असतात: आरोग्य, निवृत्तिवेतन, बेकारी आणि म्हातारपणीची शुश्रूषा यांचे हे विमे. त्यात आरोग्याचा दर पगाराच्या १४.६ टक्के असून त्यावर प्रत्येक विमा संस्थेची जादा वर्गणी असते. २०२६ साठी सरकारने या जादा वर्गणीचा सरासरी दर २.९ टक्के ठरवला आहे. म्हणजे एकूण साडेसतरा टक्के. यातला निम्मा वाटा कामगाराचा, निम्मा मालकाचा. २०२६ मध्ये किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे. त्या दराने पूर्ण वेळ राबणाऱ्याला महिन्याला सुमारे २,४०० युरो मिळतात आणि त्यातले २१० च्या आसपास आरोग्य विम्याला जातात. तेवढेच मालक आपल्या खिशातून भरतो. न कमावणारी बायको किंवा नवरा आणि मुले त्याच वर्गणीत येतात, त्यांच्यासाठी वेगळा पैसा लागत नाही. औषधामागे पाच ते दहा युरो आणि रुग्णालयात दिवसाला दहा युरो द्यावे लागतात, पण वर्षभरातल्या अशा खर्चाला घरच्या उत्पन्नाच्या दोन टक्क्यांची मर्यादा आहे. जुनाट आजार असेल तर एकच टक्का.

आता बासेल. स्वित्झर्लंडमध्ये विमा सक्तीचा करणारा कायदा ४ डिसेंबर १९९४ च्या लोकमताने मंजूर झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. तेथे हप्ता माणशी असतो आणि त्याचा पगाराशी काही संबंध नसतो. २०२६ साठी प्रौढ माणसाचा सरासरी हप्ता महिना ४६५ फ्रँक आहे. मालक त्यात आपला वाटा घालत नाही. महिना चार हजार फ्रँकवर कार्यालये झाडणाऱ्या बाईच्या कमाईच्या साडेअकरा टक्क्यांहून थोडा अधिक होतो. त्याच इमारतीत पंधरा हजार कमावणाऱ्या अधिकाऱ्याला तोच हप्ता तीन टक्क्यांच्या आसपास पडतो. मुलांचा हप्ता वेगळा. शिवाय वर्षातला सुरुवातीचा खर्च स्वतः सोसावा लागतो, किमान ३०० आणि जास्तीत जास्त २,५०० फ्रँक. मोठा आकडा निवडला की हप्ता कमी होतो. हातात पैसा कमी असलेल्या माणसाने मोठा आकडा निवडला, तर मग दुखणे अंगावर काढण्याची वेळ येते.

तेथील सरकार हातावर हात धरून बसलेले नाही. चौथ्या हिश्शाहून अधिक लोकांना हप्त्यासाठी सरकारी मदत मिळते. पण ती प्रत्येक कँटनमध्ये, म्हणजे प्रांतात, वेगळी. काही कँटनांनी तर हप्ते थकवणाऱ्यांच्या याद्या केल्या, आणि यादीत नाव असलेल्याला तातडीच्या उपचारापलीकडे काही मिळेनासे झाले. अखेर कोणाचाही हप्ता त्याच्या उत्पन्नाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये, असा प्रस्ताव समाजवादी पक्षाने मांडला. ९ जून २०२४ रोजी मतदान झाले. जिनिव्हा, न्यूशातेल, तिचिनो अशा काही कँटनांनी होकार दिला, पण देशभरात साडेपंचावन्न टक्के मते विरोधात पडली. उरलेला बोजा सरकारी तिजोरीवर, म्हणजे करदात्यावर पडेल, हा विरोधकांचा मुख्य मुद्दा होता. त्यात तथ्य आहे. मालकाला बाजूला ठेवून विमा रचला की पैसा दोनच ठिकाणांहून येऊ शकतो, कामगाराच्या खिशातून किंवा करातून. मग भांडण या दोघांतच लागते.

जर्मनीने ही वाट सुरुवातीपासूनच टाळली. बिस्मार्कच्या काळात, १८८३ साली, कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला. समाजवाद्यांकडे झुकलेला कामगार राज्याकडे वळावा, हा त्यामागचा राजकीय हिशेब होता. पण रचना अशी होती की दोन तृतीयांश कामगाराने भरायचे आणि एक तृतीयांश मालकाने. कामगाराचा वाटा मोठा, म्हणून विमा संस्थांच्या कारभारातही त्याच्या जागा जास्त. दुसऱ्या महायुद्धानंतर वाटा निम्मा-निम्मा झाला. २००५ मध्ये ०.९ टक्के एकट्या कामगारावर टाकले गेले, तेव्हा युनियनांनी ते विसरू दिले नाही. १ जानेवारी २०१९ पासून जादा वर्गणीसह सारा भार पुन्हा समान वाटला जातो.

आजारपणातला पगार मात्र कामगारांना लढून घ्यावा लागला. ऑक्टोबर १९५६ मध्ये उत्तरेकडील श्लेस्विग-होलश्टाइनमधले जहाजबांधणी आणि धातू कामगार संपावर गेले. कचेरीतल्या कारकुनाला आजारपणात पगार मिळतो, मग मशिनवरच्या माणसाला का नाही, हा त्यांचा सवाल होता. चौतीस हजारांवर कामगार सोळा आठवडे संपावर राहिले. त्यातून पुढचे कायदे आले, आणि १९७० पासून आजारी कामगाराला सहा आठवडे मालकाकडून पूर्ण पगार मिळू लागला. त्यानंतर विमा संस्था पगाराच्या ७० टक्क्यांपर्यंत रक्कम देते.

येथेही सगळे आलबेल नाही. वर्गणीचे दर वर्षागणिक चढत आहेत. २०२४ मध्ये विमा संस्थांना सहा अब्ज युरोंवर तूट आली. महिना ५,८१२ युरोंच्या वर जेवढा पगार असेल तेवढ्या भागावर वर्गणीच लागत नाही आणि वर्षाला ७७,४०० युरोंवर कमावणारा नोकरदार खासगी विम्याकडे जाऊ शकतो. म्हणजे सर्वांत सधन माणूस या सामाईक व्यवस्थेतून बाहेर पडतो. बेकारांच्या वर्गणीचा पूर्ण पैसा सरकार देत नाही आणि तो खड्डा कामगारांच्या वर्गणीतून भरला जातो, अशी विमा संस्थांची तक्रार आहे. जानेवारी २०२५ मध्ये आलियान्झ या विमा कंपनीच्या प्रमुखाने आजारपणाच्या पहिल्या दिवसाचा पगार देऊ नये, अशी सूचना केली, तेव्हा युनियना खवळून उठल्या. वाद रोज झडतात, पण मालकाने आपला वाटा भरावा की नाही, हा वादाचा विषय नसतो.

आता आपल्याकडे येऊ. आपला कायदा चांगला आहे, हे आधी सांगितले पाहिजे. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला, १९४८ मध्ये राज्य कामगार विम्याचा (ईएसआय) कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरला योजना सुरू झाली. तत्त्व जर्मनीचेच, वर्गणी पगाराच्या मापाने. जुलै २०१९ पासून कामगाराचा पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के. बारा हजार पगार असेल तर कामगाराचे ९० रुपये, मालकाचे ३९०. बदल्यात कुटुंबासह औषधोपचार आणि आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार. हप्ता परवडत नाही, असे या योजनेबद्दल कोणी म्हणू शकणार नाही.

अडचण दारातच आहे. ईएसआयसाठी मस्टरवर नाव लागते आणि कारखान्यात दहा माणसे लागतात. यंत्रमागाचा धंदा छोट्या छोट्या शेडमध्ये विखुरलेला. एकाच घराचे माग वेगवेगळ्या नावांवर दाखवले की दहाचा आकडा कधी भरतच नाही. भविष्यनिर्वाह निधीवरून सोलापुरात यंत्रमागधारक आणि कामगार यांच्यात जो वाद पेटला, त्याच्या मुळाशीही हाच प्रश्न होता: हा माणूस आमचा कामगार आहे, हे कबूल कोणी करायचे? शिवाय पगार एकवीस हजारांवर गेला की माणूस योजनेबाहेर. ही मर्यादा जानेवारी २०१७ पासून तशीच आहे.

बिडीवाल्या बाईचे तर सगळेच घरी. भिजवलेले तेंदूपान पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचे, मांडीवरच्या सुपात तंबाखू घेऊन वळायचे, दोरा गुंडाळायचा, आणि तयार माल कारखान्यात नेऊन द्यायचा. तेथे मजुरी हजारावर मिळते, आणि पसंत न पडलेल्या बिड्या बाजूला काढल्या जातात. मान, पाठ आणि छाती यांची दुखणी या कामाबरोबरच येतात. तिच्यासाठी १९७६ च्या कायद्याने हजार बिड्यांमागे उपकर बसवला होता, आणि त्यातून बिडी कामगारांचे दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या चालत. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर रद्द झाला. दवाखान्यांचा खर्च सरकारी अंदाजपत्रकावर गेला आणि मालावरची थेट वर्गणी संपली.

यावर महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कार्ड आहे ना, असे कोणी म्हणेल. ती योजना राजीव गांधी जीवनदायी या नावाने २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि त्यात सोलापूर होते. हृदयाच्या किंवा कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला तिचा मोठा आधार आहे. पण ती रुग्णालयात दाखल झाल्यावरची योजना आहे. दर महिन्याची रक्तदाबाची गोळी त्यात नाही, आणि महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या बाईची बुडालेली मजुरीही नाही.

घरी बसून काम करणाऱ्याचा मालक कोण, हा प्रश्न जर्मनीलाही सोडवावा लागला. येथील सामाजिक विम्याच्या कायद्यात घरी काम करणारा माणूसही नोकरदारच धरला जातो. चित्रकार, लेखक, वादक यांना तर एक मालकच नसतो. त्यांच्यासाठी १९८३ पासून वेगळा निधी आहे. निम्मी वर्गणी कलावंताची, तीस टक्के त्यांचे काम विकत घेणाऱ्या प्रकाशन संस्था व कंपन्यांची आणि वीस टक्के सरकारची. जो कामाचा फायदा घेतो त्याने वर्गणी द्यावी, मग मस्टर असो वा नसो.

हा विचार आपल्याला परका नाही. महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी कायद्याने हेच केले. हमाल एका व्यापाऱ्याचा नसतो, म्हणून मजुरीवरची लेव्ही मंडळात जमा करायची आणि तिच्यातून त्याला निधी व उपचार द्यायचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही घरपोच माल पोचवणाऱ्या मुलांसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यावेत, अशी तरतूद आहे. मग हीच तरतूद चादर, टॉवेल आणि बिडी यांना का नको? त्याच संहितेत दहापेक्षा कमी माणसांच्या कारखान्यालाही ईएसआयचे दार उघडले आहे, पण मालक आणि बहुसंख्य कामगार यांची संमती असेल तरच. ज्याला पैसे भरायचे आहेत त्याच्या मर्जीवर सोडलेली ही तरतूद सोलापूरच्या कामगाराला पुरणार नाही.

म्हणून मला वाटते, सोलापुरातल्या युनियनांनी, यंत्रमागधारक संघाने आणि लोकप्रतिनिधींनी एकत्र बसून एक मागणी करावी: तयार टॉवेलच्या आणि बिडीच्या मालावर आरोग्याची लेव्ही घ्यावी, ती जिल्ह्याच्या मंडळात जमा व्हावी आणि तिच्यातून प्रत्येक कामगाराचा ईएसआय भरला जावा. सगळ्यांना सारखीच लेव्ही लागली की नियमाने चालणारा मालक बाजारात मागे पडणार नाही, आणि शेड नावापुरती तोडण्यात कोणाचा फायदाही उरणार नाही. विमा सक्तीचा असावाच. पण ती सक्ती आधी मालावर नफा कमावणाऱ्यावर हवी. ती एकट्या कामगारावर पडली की काय होते, हे येथून काही मिनिटांच्या अंतरावर रोज दिसते आहे.