कौल आणि कारभार : महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकांचा मागोवा

1957 सालच्या आरंभी द्वैभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेची जी निवडणूक झाली, तिचे केवळ एकूण आकडे वाचणाऱ्या परस्थ अभ्यासकाला त्यांत काही विलक्षण घडल्याचे जाणवणार नाही. 396 जागांपैकी 234 जागा काँग्रेसला मिळाल्या, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपदी कायम राहिले आणि सचिवालयाचा कारभार पूर्वीच्याच शिरस्त्याने पुढे चालू झाला. परंतु हेच आकडे प्रदेशवार लावून पाहिले, म्हणजे निराळेच चित्र समोर उभे राहते. 6 फेब्रुवारी 1956 रोजी पुण्यात स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीने, जिच्यात प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि जनसंघ असे एरवी एका मांडवाखाली न येणारे पक्ष शंभरावर हुतात्म्यांच्या बलिदानाची आण वाहून एकत्र आले होते, पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा अक्षरशः धुव्वा उडवला. पुण्यात एसेम जोशी आणि दादरमध्ये आचार्य अत्रे विधानसभेवर निवडून आले. त्याच वेळी झालेल्या लोकसभेच्या निवडणुकीत क्रांतिसिंह नाना पाटील साताऱ्यातून, दादासाहेब गायकवाड नाशिकमधून आणि नानासाहेब गोरे पुण्यातून विजयी झाले. गोऱ्यांनी ज्यांचा पराभव केला ते काकासाहेब गाडगीळ स्वतः संयुक्त महाराष्ट्राचे आग्रही पुरस्कर्ते होते, पण काँग्रेसच्या उमेदवारीचे प्रायश्चित्त त्यांनाही चुकले नाही. खुद्द मुख्यमंत्री चव्हाण कऱ्हाडमध्ये कसेबसे, अत्यल्प मताधिक्याने तरले.

काँग्रेसचे राज्य टिकले ते विदर्भ, मराठवाडा आणि गुजरात यांनी बव्हंशी तिची साथ केल्यामुळे; आणि त्या गुजरातेतही महागुजरातच्या चळवळीने अहमदाबादेत इंदुलाल याज्ञिकांना लोकसभेवर धाडून आपला रोष स्पष्टपणे नोंदवला होता. बहुमत जिंकूनही ज्या मुलखाच्या नावाने राज्य चालवायचे त्या मुलखानेच नाकारलेले सरकार, ही अवस्था फार काळ टिकणारी नव्हती, आणि हे ओळखण्याइतके चव्हाण निश्चितच दूरदृष्टीचे होते. 1 मे 1960 रोजी जे राज्य अस्तित्वात आले, ते त्या विधानसभेत अल्पसंख्य ठरलेल्या पक्षांच्या मतांनी आणले. सत्तेत खांदेपालट न करताही मतदाराने राज्याचा नकाशा बदलला, इतके सामर्थ्य त्यानंतरच्या कोणत्याही निकालात मला दिसत नाही.

त्यानंतरच्या पंधरा वर्षांविषयी थोडक्यात सांगता येईल. साध्य हाती येताच समितीचे घटक पांगले. 1962 साली 264 पैकी 215 जागा काँग्रेसकडे गेल्या, तर शेतकरी कामगार पक्षाला 15 आणि प्रजासमाजवाद्यांना अवघ्या 9 मिळाल्या. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्यांच्या जागी मुख्यमंत्री झालेल्या कन्नमवारांच्या अकाली निधनानंतर 1963 च्या डिसेंबरात मुख्यमंत्री झालेले वसंतराव नाईक 1975 च्या फेब्रुवारीपर्यंत त्या पदावर राहिले. 1967 साली मद्रास, केरळ, बंगाल, ओरिसा, बिहार, पंजाब अशी एकामागून एक राज्ये काँग्रेसच्या हातून निसटली, तरी महाराष्ट्रात 270 पैकी 203 जागा तिने राखल्या, आणि 1972 साली तर 222. हे केवळ पुण्याईचे फळ म्हणता येणार नाही. 1962 पासून सुरू झालेल्या जिल्हा परिषदा व पंचायत समित्या, तसेच सहकारी साखर कारखाने आणि जिल्हा बँका यांनी गावोगावच्या कर्त्या पुढाऱ्याला मान आणि अधिकार या दोहोंचे स्थान दिले; विरोधी बाकांवर बसण्याऐवजी कारखान्याच्या संचालक मंडळावर बसणे त्याला अधिक फलदायी वाटू लागले, आणि शेतकरी कामगार पक्षाची एकेक फळी याच वाटेने काँग्रेसमध्ये गेली. ती व्यवस्था राज्याला स्थैर्य देणारी होती यात शंका नाही. परंतु विरोधकाला पराभूत करण्याऐवजी सामावून घेण्याची जी सवय तिने लावली, तिची जबर किंमत पुढे खुद्द काँग्रेसला मोजावी लागली, कारण विरोध बाहेर उरला नाही तेव्हा तो घरातच वाढला.

त्याचा प्रत्यय 1978 साली आला, आणि या मागोव्यात त्या वर्षापाशी थोडे अधिक थांबणे अगत्याचे आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत काँग्रेस दुभंगली. फेब्रुवारीत मतदान झाले ते 288 जागांच्या विधानसभेसाठी. जनता पक्षाला 99, चव्हाण आणि वसंतदादा पाटील ज्या काँग्रेसमध्ये राहिले तिला 69, इंदिरा काँग्रेसला 62, शेतकरी कामगार पक्षाला 13, मार्क्सवाद्यांना 9 आणि अपक्षांना 28 जागा मिळाल्या. कोणालाच बहुमत नाही, असा कौल या राज्याने प्रथमच दिला. प्रचारात परस्परांवर तुटून पडलेल्या दोन्ही काँग्रेस निकालानंतर एकत्र आल्या. मार्चमध्ये वसंतदादा मुख्यमंत्री आणि इंदिरा काँग्रेसचे नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. त्या मंत्रिमंडळात एकजिनसीपणा असा कधी नव्हताच. जुलैत, अधिवेशन चालू असतानाच, शरद पवार, सुशीलकुमार शिंदे, सुंदरराव सोळंके आदी मंत्र्यांनी राजीनामे दिले, सरकार कोसळले, आणि 18 जुलै 1978 रोजी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, पवार पुरोगामी लोकशाही दलाचे मुख्यमंत्री झाले. जनता पक्ष, शेतकरी कामगार पक्ष आणि काँग्रेसमधून बाहेर पडलेला गट एका मंत्रिमंडळात बसले, आणि स्थापनेपासून प्रथमच महाराष्ट्राचा कारभार बिगरकाँग्रेस आघाडीच्या हाती आला.

या सत्तांतराची नैतिकता तेव्हापासून आजतागायत वादाचा विषय झालेली आहे. माझे मत असे की, दोन्ही बाजूंचा दोष समान होता. ज्यांनी मतदानापूर्वी परस्परांना अपात्र ठरवले त्यांनी मतदानानंतर एकत्र राज्य करणे हाही जनादेशाचा अव्हेरच होता, आणि ज्या पक्षाच्या चिन्हावर मते मागितली त्याला पाच महिन्यांच्या आत सोडून विरोधकांच्या आधाराने सत्तेवर येणे हाही तसाच. पक्षांतराला बंदी घालणारी घटनादुरुस्ती 1985 साली झाली; 1978 साली तसा कायदा नव्हता. पण कायदा नसणे आणि कर्तव्य नसणे या भिन्न गोष्टी आहेत.

तथापि त्या सरकारची सगळी कमाई या एका प्रश्नात मोजली, तर ते अन्यायाचे होईल. शपथविधीला पुरते दहा दिवसही उलटले नव्हते, तेव्हा, म्हणजे 27 जुलै 1978 रोजी, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला. त्या ठरावानंतर मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, जी घरे जळाली आणि जी माणसे मारली गेली, त्यांचे स्मरण आजही लज्जेने मान खाली घालायला लावते. आणि त्याहून मोठी शरम ही की, सभागृहाने एका दिवसात दिलेला शब्द अमलात यायला 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला. दुष्काळाच्या खाईतून जन्मलेल्या रोजगार हमीचा कायदाही याच मंत्रिमंडळाच्या अमलात, 26 जानेवारी 1979 रोजी, लागू झाला. मागेल त्याला काम हा कष्टकऱ्याचा हक्क म्हणून कायद्याच्या पुस्तकात लिहिणारे राज्य, हा लौकिक महाराष्ट्राला त्याने मिळवून दिला.

फेब्रुवारी 1980 मध्ये इंदिरा गांधींच्या केंद्र सरकारने ते मंत्रिमंडळ बरखास्त केले. 1977 साली जनता सरकारने नऊ राज्यांतील काँग्रेसची मंत्रिमंडळे काढून जो पायंडा पाडला, त्याचेच हे प्रत्युत्तर होते. दोन्ही प्रसंगी राज्यातल्या मतदाराला कोणी विचारले नाही. त्यानंतरच्या निवडणुकीत इंदिरा काँग्रेसने 186 जागा जिंकल्या, म्हणजे बहुमताचा प्रश्न मिटला. पण स्थैर्याचा मिटला नाही. अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि पुन्हा पवार असे सहा मुख्यमंत्री आठ वर्षांत झाले, आणि त्या बदलांच्या मसलती बहुतांशी दिल्लीत झाल्या. मध्ये 1985 ची निवडणूक झाली. तीत काँग्रेसला 161 आणि पवारांच्या समाजवादी काँग्रेसला 54 जागा होत्या. ज्यांनी ती विरोधाची मते दिली, त्या मतदारांचा नेता पुढच्याच वर्षी औरंगाबादेत राजीव गांधींच्या उपस्थितीत स्वगृही परतला, आणि विरोधी पक्षाची जागा रिकामी पडली. शिवसेनेला आणि भारतीय जनता पक्षाला ग्रामीण महाराष्ट्रात जे दार उघडले, त्याच्या कारणांत हिंदुत्वाच्या लाटेइतकेच या रिकाम्या जागेलाही स्थान दिले पाहिजे.

1990 साली या दोन पक्षांच्या युतीला 94 जागा मिळाल्या आणि काँग्रेस 141 वर अडली. 1995 साली ती 80 वर उतरली. मुंबईची दंगल, बाँबस्फोट, नागपुरात विधिमंडळाच्या अधिवेशनकाळी झालेल्या चेंगराचेंगरीत 114 गोवारींचा गेलेला बळी, या सर्वांचा राग त्या मतदानात होता. परंतु मतांची टक्केवारी सांगते ती गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. काँग्रेसला सुमारे 31 टक्के मते मिळाली, आणि शिवसेना-भाजप या दोघांना मिळून त्याहून थोडी कमीच. निकाल फिरवला तो 45 विजयी अपक्षांनी, ज्यांतले कित्येक काँग्रेसने उमेदवारी नाकारलेले बंडखोर होते. 138 जागांची युती त्यांच्याच टेकूने बहुमतापर्यंत पोहोचली, आणि 14 मार्च 1995 रोजी शिवाजी पार्कवर मनोहर जोशींचा शपथविधी झाला. 1957 साली मतदाराने जो आघात केला होता तो एकत्रित विरोधाच्या द्वारा; 1995 चा आघात पक्षाच्या आतून आला.

पुढचा इतिहास वाचकांच्या स्मरणात ताजा आहे. 1999 साली परस्परांविरुद्ध लढलेल्या दोन काँग्रेसनी निकालानंतर सरकार बनवून 1978 च्या मार्चचीच पुनरावृत्ती केली. 2019 साली एकत्र लढलेल्या युतीने निकालानंतर फारकत घेतली. आणि 2022 पासून तर पक्ष कोणाचा, हाच वाद निवडणूक आयोग आणि सर्वोच्च न्यायालय यांच्या दारी गेला. राज्याच्या स्थापनेपासून पाच वर्षांची अखंड मुदत पुरी करणारे मुख्यमंत्री आजवर दोनच, वसंतराव नाईक आणि देवेंद्र फडणवीस. 288 सदस्यांच्या सभागृहात बहुमतासाठी 145 जागा लागतात. 1985 नंतर त्या स्वबळावर एकाही पक्षाला मिळालेल्या नाहीत, 2014 साली 122 जागा जिंकणाऱ्या भाजपला नाहीत आणि 2024 साली 132 जिंकणाऱ्या भाजपलाही नाहीत.