रोमचं बंदर, रोमपासून ऐंशी किलोमीटर

भूमध्य समुद्रातल्या सात रात्रींच्या क्रूझचा कार्यक्रम कागदावर फार देखणा दिसतो. बार्सेलोना, मार्सेय, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स. रोज नवं शहर, रात्री झोपायला तीच खोली, बॅगांची बांधाबांध नाही. फक्त यातल्या फ्लॉरेन्सला समुद्रच नाही, आणि एवढं मोठं जहाज लागेल असं बंदर रोमकडेही नाही. फ्लॉरेन्ससाठी जहाज थांबतं लिव्होर्नोला, तिथून फ्लॉरेन्स नव्वदेक किलोमीटर. रोमसाठी थांबतं चिविटावेक्कियाला. सम्राट ट्रेजननं दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला बांधवलेलं हे जुनं बंदर रोमपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहे.

व्हेनिसचीही तीच गत. सॅन मार्को चौकासमोरून जाणाऱ्या मोठ्या जहाजांना ऑगस्ट 2021 पासून बंदी आहे. काही जहाजं आता मार्गेराच्या औद्योगिक धक्क्याला लागतात, तर काही थेट रावेन्नाला, म्हणजे दीडशेच्या आसपास किलोमीटर दूर. म्हणून सहल निवडताना ‘काय बघायचं’ याच्या आधी एक प्रश्न येतो: जहाजाच्या शिडीपासून ते ठिकाण किती लांब आहे?

रोमचाच हिशेब करून पाहा. जहाज सकाळी सातला लागतं आणि संध्याकाळी सातला सुटतं, म्हणून बारा तास मिळाले असं वाटतं. पण बंदराच्या अधिकाऱ्यांची परवानगी येऊन लोक उतरेपर्यंत आठ वाजतात. बसनं रोम गाठायला दीड तास. परत चढण्याची शेवटची वेळ जहाज सुटण्याच्या किमान अर्धा तास आधीची, आणि इटलीतल्या रस्त्यांवरची कोंडी धरून शहाणा माणूस त्याच्याही तासभर आधी बंदरात असतो. म्हणजे चारला रोम सोडायचं. हाती राहिले साडेसहा तास. त्यातून जेवण, चालणं आणि रांगा वजा केल्या की व्हॅटिकन संग्रहालय आणि कोलोसियम ही दोन्ही आतून नीट बघणं जवळजवळ अशक्य होतं. ‘एका दिवसात संपूर्ण रोम’ असं नाव असलेल्या सहलीत यांतलं बरंचसं बाहेरूनच दिसतं.

या सहलींच्या वर्णनांची एक ठरलेली भाषा असते. ‘पॅनोरामिक’ म्हणजे बसच्या काचेतून. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे दहा-पंधरा मिनिटं खाली उतरणं. ‘ऑन युअर ओन’ म्हणजे बस शहरात सोडेल आणि ठरल्या वेळी उचलेल, गाइड नाही आणि तिकिटंही नाहीत. ‘आत प्रवेश’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर प्रवेश नाही असंच धरावं. दगडी फरशी, पायऱ्या, चढ यांसाठी छोटी चिन्हं दिलेली असतात. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना घेऊन निघालेल्यांनी ठिकाणाच्या फोटोआधी ती चिन्हं बघावीत.

सहल घेण्याचे मार्ग तीन. पहिला जहाज कंपनीची सहल, जिला ‘शोअर एक्सकर्शन’ म्हणतात. चाळीस-पन्नास माणसांची बस, हातात क्रमांकाचा फलक घेतलेला गाइड, आणि सहसा सर्वांत जास्त दर. या जादा पैशांत एक हमी असते: जहाजाची बस वाटेत अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबतं, आणि थांबता आलंच नाही तर प्रवाशांना पुढच्या बंदरापर्यंत पोचवण्याची सोय कंपनी करते. दुसरा मार्ग स्थानिक सहल कंपनीच्या छोट्या गटाचा. आठ-दहा माणसं, लहान गाडी, थोडी मोकळीक. तिसरा मार्ग स्वतःचा: लोकल, मेट्रो, बस किंवा पायी.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मार्गानं जाणाऱ्यांसाठी जहाज थांबत नाही. मार्च 2024 मध्ये आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या साओ तोमे बेटावर ‘नॉर्वेजियन डॉन’ जहाजाच्या आठ प्रवाशांना हे चांगलंच कळलं. खाजगी सहलीहून त्यांना यायला उशीर झाला. जहाज समोर उभं होतं, पण त्यांना चढू दिलं गेलं नाही. एकामागून एक देश ओलांडत, स्वतःच्या खर्चानं त्यांनी जहाजाचा पाठलाग केला आणि ते सेनेगलमध्ये पुन्हा जहाजावर चढले. ही बातमी जगभर गाजली. भूमध्य समुद्रातली बंदरं एकमेकांपासून इतकी दूर नाहीत, रेल्वे आणि विमानं भरपूर आहेत. पण बंदर चुकलं तर तिकीट काढायचं ते आपणच. त्यातही भारतीय प्रवाशाला व्हिसाचा पेच पडू शकतो. इटली आणि ग्रीसच्या मधे तुर्कस्तान किंवा माँटेनेग्रो असेल, तर मधेच शेंगेन क्षेत्राबाहेर जाऊन परत आत यावं लागतं. त्यासाठी एकाहून अधिक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा लागतो, आणि हे मुंबईत अर्ज भरतानाच पाहावं लागतं.

मग काय, प्रत्येक बंदरात जहाजाचीच सहल घ्यावी? तसंही नाही. माल्टातलं व्हॅलेटा घ्या. जहाज ग्रँड हार्बरमध्ये तटबंदीच्या पायथ्यालाच लागतं. जवळच 58 मीटर उंचीची बाराक्का लिफ्ट आहे. ती थेट वरच्या बागेत, जुन्या शहराच्या काठावर नेऊन सोडते. तिथून चालत गेलं की सेंट जॉन को-कॅथेड्रल, ज्यात काराव्हॅज्जोनं 1608 मध्ये रंगवलेलं सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं भलंमोठं चित्र आहे. दुपारी बाराला बागेखालच्या तोफांची सलामी होते, ती वरून फुकट बघता येते. इथे बसच्या सहलीला पैसे घालण्याचं काही कारण नाही.

माँटेनेग्रोतलं कोटोर याच जातीचं. जुन्या शहराचा दरवाजा धक्क्यासमोरच आहे, आणि दमसास असेल तर डोंगरावरच्या किल्ल्यापर्यंत सुमारे 1350 पायऱ्या चढता येतात. क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकला जहाज ग्रूझ बंदरात लागतं, तिथून जुनं शहर तीनेक किलोमीटर. शहराची बस जाते. दोन किलोमीटरला जेमतेम कमी असलेल्या तटावरून फेरी मारायची तर सकाळी लवकर निघावं. उन्हाळ्यात त्या दगडावर सावली नसते.

अथेन्स हे रोम आणि व्हॅलेटा या दोन टोकांच्या मधलं. पिरेअस बंदरातून शहर दहा-बारा किलोमीटर, आणि 2022 पासून मेट्रोची तिसरी लाइनही बंदरापर्यंत आली आहे. प्रवास सोपा, पेच तिकिटाचा. 2023 पासून ॲक्रोपोलिसवर दिवसाला वीस हजार माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटावर तासाची वेळ छापलेली असते. जहाज आठला लागणार असेल तर नऊचं तिकीट काढणं जोखमीचं. दहा किंवा अकराचं बरं. जुलै 2023 मधल्या उष्णतेच्या लाटेत ॲक्रोपोलिस भर दुपारी काही तास बंदच ठेवावं लागलं होतं.

सगळ्यांत जास्त विचार करायला लावतं ते नेपल्स, कारण तिथे सगळंच शक्य आहे. जहाज शहराच्या मधोमध लागतं. बाहेर पडलं की समोर कास्तेल नुओव्हो हा किल्ला, आणि बाजूच्या बेव्हेरेल्लो धक्क्यावरून काप्रीच्या जलद बोटी सुटतात. पॉम्पेई पंचवीसेक किलोमीटर, व्हेसुव्हियस ज्वालामुखी त्याच बाजूला, आणि अमाल्फीचा किनारा डोंगरापलीकडे. माहितीपत्रकात हे सगळं एकाच दिवसात गुंफलेली सहलसुद्धा असते. अमाल्फीचा रस्ता कड्यात कोरलेला, अरुंद आणि वळणांचा; दिवसाचा मोठा भाग तिथेच जातो आणि पॉम्पेईला उरतो तो शेवटचा तुकडा.

आणि पॉम्पेई म्हणजे एखादं देऊळ किंवा राजवाडा नव्हे. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलेलं ते अख्खं शहर आहे. भिंतींच्या आत सुमारे 66 हेक्टर जमीन, त्यातला दोन तृतीयांश भाग उकरून मोकळा केलेला. गाड्यांच्या चाकोऱ्या पडलेले दगडी रस्ते, खानावळींचे ओटे, स्नानगृहं, रंगीत भित्तिचित्रांची घरं. यासाठी निदान तीन तास हवेतच. स्वतः जायचं तर बंदराजवळच्या म्युनिचिपिओ स्थानकातून मेट्रोनं गारिबाल्दी, आणि तिथून चिर्कुम्व्हेसुव्हियाना नावाची लोकल. पाऊणएक तासात ती पॉम्पेईच्या दरवाज्यासमोर उतरवते. गाडीत गर्दी असते, खिसेकापूही असतात. मुंबईच्या लोकलमध्ये वाढलेल्याला याची धास्ती वाटू नये, पण संपाचा दिवस मात्र आधी तपासावा. नोव्हेंबर 2024 पासून इथेही दिवसाला वीस हजारांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव लागतं.

ज्यांना एवढं चालवणार नाही त्यांच्यासाठी याच लाइनवर, अलीकडे, एर्कोलानो आहे. प्राचीन हर्क्युलेनियम ते हेच. पॉम्पेईपेक्षा खूप लहान आणि जास्त चांगलं टिकलेलं. जळून कोळसा झालेली लाकडी तुळई आणि दारं तिथे अजून जागेवर दिसतात. आणि ज्याला ऊनच नको त्यानं नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय गाठावं, कारण पॉम्पेईतली उत्तम मोझेइक आणि भित्तिचित्रं काढून तिथे ठेवलेली आहेत. मंगळवारी मात्र ते बंद असतं.

बंद असण्याचे हे वार जहाजाच्या वेळापत्रकात कुठेच दिसत नाहीत. लिव्होर्नोला सोमवारी पोचणाऱ्याला फ्लॉरेन्समध्ये उफीझीही बंद मिळते आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड जिथे आहे ती अकादेमियाही. व्हॅटिकन संग्रहालय महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. सेंट पीटर्सच्या दारात खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर आत सोडत नाहीत. पिझाच्या मनोऱ्यावर आठ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. कुटुंब घेऊन निघालेल्यांचा बेत अशा एकेका ओळीवर अडकतो.

तुर्कस्तानातल्या कुशादासी बंदराहून एफेसस हे प्राचीन शहर वीसेक किलोमीटरवर आहे. तिथे गटाच्या सहलीचा खरा फायदा म्हणजे बस वरच्या दरवाज्याशी सोडते आणि खालच्या दरवाज्याशी घ्यायला येते, त्यामुळे संगमरवरी रस्त्यानं सेल्ससच्या ग्रंथालयाकडे फक्त उतरत जायचं. तोटाही ठरलेला. परतीच्या वाटेवर गालिचे विणण्याचं प्रात्यक्षिक, चहा, आणि मग विक्री. आपल्याकडे उत्तर भारताच्या सहलींत शालींच्या दुकानासमोर बस थांबते, तोच प्रकार. घेतलंच पाहिजे असं नाही, पण वेळ जातोच.

सँटोरिनीला मोठ्या जहाजांसाठी धक्काच नाही. जहाज ज्वालामुखीच्या बुडालेल्या विवरात उभं राहतं आणि ‘टेंडर’ नावाच्या लहान बोटींनी माणसं किनाऱ्यावर नेतात. जुन्या बंदरातून वर फिरा गावात जायला केबल कार, नाहीतर पाचशे ऐंशीच्या वर पायऱ्या, नाहीतर त्याच पायऱ्यांवरून गाढव. केबल कारची रांग एकाच वेळी तीन-चार जहाजं आली की फार लांबते. जहाजाच्या सहलीवाल्यांना बहुधा आधीच्या बोटी मिळतात आणि त्यांना अथिनिओस धक्क्यावर उतरवून बसनं वर नेतात, त्यामुळे सकाळची रांग टळते. संध्याकाळी मात्र फिराहून खाली येताना त्याच केबल कारपाशी सगळे एकत्र येतात. 2025 च्या जुलैपासून ग्रीसनं सँटोरिनी आणि मिकोनोस इथे उन्हाळी हंगामात क्रूझ प्रवाशांवर माणशी वीस युरोंचं शुल्कही लावलं आहे.

टेंडरच्या बंदरांत आणखी एक शक्यता गृहीत धरावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात ‘मेल्तेमी’ नावाचे उत्तरेचे जोरदार वारे सुटतात. लाटा वाढल्या की लहान बोटी सोडता येत नाहीत आणि कप्तान ते बंदर वगळून पुढे निघतो. अशा वेळी जहाजाच्या सहलीचे पैसे प्रवाशाच्या खात्यात परत येतात. खाजगी सहलीचे परत मिळतीलच असं नाही. ते त्या कंपनीच्या अटींवर अवलंबून. क्रूझ प्रवाशांचा धंदा करणाऱ्या बऱ्याच स्थानिक कंपन्या ‘जहाज आलं नाही तर पैसे परत’ असं लेखी देतात. सँटोरिनी, मिकोनोस किंवा फ्रान्समधलं व्हिलफ्रांश यांची आगाऊ रक्कम भरण्याआधी ते वाक्य पावतीवर आहे का, एवढं नक्की बघावं.