स्लॉट मशीन: पहिल्या दिवसाची जीत महाग पडते

चंद्रपूर-गडचिरोलीत कॅसिनो नाही. महाराष्ट्रातच कुठे परवान्याचा कॅसिनो नाही. राज्याने १९७६ साली कॅसिनोसाठी कायदा केला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये सरकारने तो रद्द करायचे ठरवले. मग आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी विचारेल. कारण आपली माणसे तिथपर्यंत पोचली आहेत. कामावरचे चार मित्र मिळून गोव्याला जातात आणि पणजीला मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर एक रात्र काढतात. ज्याला गोवा परवडत नाही, त्याच्या मोबाइलवर तेच मशीन येते. कोंबडबाजार आणि सट्टापट्टी आपल्या भागाला जुनी आहे. नवरा तिकडे गेला की घरच्या बाईला कळते. मोबाइलवरचे मशीन तिच्या शेजारी, एकाच अंथरुणावर चालू असते आणि तिला पत्ता लागत नाही.

गोव्यात १९९२ साली कायदा बदलून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला परवानगी मिळाली. १९९६ मध्ये बोटींवरच्या कॅसिनोला वाट मोकळी झाली. २०२० पासून मात्र गोव्याच्या रहिवाशांनाच कॅसिनोत खेळायला बंदी आहे. आपल्या लोकांना यापासून दूर ठेवावे, असे तिथल्या सरकारला वाटले. म्हणजे हा धंदा कोणाच्या खिशावर चालतो? बाहेरून जाणाऱ्यांच्या, आपल्या पोरांच्या.

पहिल्यांदा जाणाऱ्याला आत सगळे छान वाटते. प्रवेशाच्या पैशात जेवण असते, गाणे-नाच असतो, बऱ्याच ठिकाणी दारूही त्यातच असते. कोणी जात विचारत नाही, सगळे ‘सर’ म्हणतात. नोटा देऊन हातात चिप्स किंवा कार्ड मिळते, त्यामुळे पैसा पैशासारखा दिसत नाही. पत्त्यांच्या टेबलावर बसायला नवा माणूस बिचकतो, कारण खेळ येत नाही. स्लॉट मशीनला काहीच यावे लागत नाही. बटण दाबले की चित्रे फिरतात, सारखी चित्रे एका ओळीत आली की पैसे. म्हणून नवा माणूस आधी तिथेच बसतो.

हे मशीन आतून कसे चालते ते समजून घेऊ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला चार्ल्स फे नावाच्या कारागिराने तीन चाकांचे मशीन बनवले. तेव्हा खरी चाके फिरत. आता आत संगणकाची चिप असते. बटण दाबता क्षणी चिप एक आकडा उचलते आणि निकाल तिथेच ठरतो. चित्रे फिरतात ती फक्त दाखवायला. मागच्या फेरीचा पुढच्या फेरीशी काही संबंध नसतो. ‘दोन तास दिलं नाही, आता देणारच’ हा हिशेब माणसाच्या डोक्यातला आहे, मशीनच्या नाही.

खरा हिशेब असा. समजा मशीन लावलेल्या दर १०० रुपयांतले सरासरी ९० परत देते आणि १० ठेवते. ऐकायला हे थोडे वाटते. पण १० रुपयांची एक फेरी सहा सेकंदांत होते असे धरा. मिनिटाला १० फेऱ्या, तासाला ६००. म्हणजे तासाभरात ६,००० रुपये लावले गेले आणि त्यातले सरासरी ६०० मशीनने ठेवले. खिशात ५०० घेऊन बसलेला माणूस तासाच्या आत रिकामा होऊ शकतो. जिंकलेलेच पैसे तो पुन्हा पुन्हा लावतो, आणि प्रत्येक वेळी मशीन आपला वाटा काढून घेते.

मग माणूस उठत का नाही? दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे ‘थोडक्यात हुकलं’. दोन चित्रे जुळतात, तिसरे एका घराने चुकते. ही हारच असते. पण केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले की, अशा वेळी मेंदूतला जिंकल्यावर जागा होणारा भागही जागा होतो आणि अजून खेळावेसे वाटते. दुसरे कारण खोटी जीत. १० रुपये लावले, ४ परत आले. मशीन दिवे लावते, घंटा वाजवते. ६ रुपये गेले, पण कानाला जिंकल्याचे ऐकू आले.

या दोन्हींपेक्षा धोक्याची असते ती पहिल्या दिवसाची मोठी जीत. पहिल्याच रात्री ज्याचे दोन हजार गेले, तो शिव्या देत घरी येतो आणि बहुतेक वेळा पुन्हा नाव घेत नाही. ज्याला पाच हजार मिळाले, तो गावभर सांगतो आणि मेंदू ती रात्र विसरत नाही. पुढे कित्येक महिने तो त्या रात्रीमागे धावतो. जुगारात अडकलेली अनेक माणसे आपली सुरुवात अशाच एखाद्या जिंकण्यापासून सांगतात. म्हणून घरात कोणी अशी जीत घेऊन आला, तर पेढे वाटू नका. पैसे त्याच दिवशी घरखर्चाला किंवा बचत गटाच्या हप्त्याला लावा आणि त्याच्याशी बोला.

जुगाराचे व्यसन हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत तो व्यसनांमध्ये आहे. कंपवाताच्या काही औषधांमुळे कधी जुगार न खेळलेल्या रुग्णांना जुगाराची ओढ लागल्याचे डॉक्टरांनी पाहिले आहे आणि औषध बदलल्यावर ती कमी झाली आहे. म्हणजे प्रश्न फक्त चारित्र्याचा नाही, मेंदूचाही आहे.

घरच्यांनी ही लक्षणे ओळखावीत: तेंदूपत्त्याची मजुरी किंवा पगार आला की दोन दिवसांत संपतो आणि हिशेब लागत नाही. उसनवारी वाढते. रात्री मोबाइल घेऊन जागरण, कोणी आले की स्क्रीन पालथी. गेलेले पैसे परत मिळवायलाच पुन्हा खेळतो. खोटे बोलतो, चिडतो, जेवत नाही. ‘मी नसलेलाच बरा’ असे बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. जिंकणारा वैर ओढवतो, हरणारा गेलेल्या धनाचा शोक करतो, हातचे धन जाते, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात, आणि कोणी मुलगी द्यायला तयार होत नाही. लक्षात घ्या, जिंकणाराही त्या यादीत आहे.

आता उपाय. नुसत्या शपथेवर विसंबू नका. पैशाचा व्यवहार काही महिने घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या आणि बँकेच्या ॲपमधून यूपीआयची मर्यादा कमी करा. दागिने विकून सगळे कर्ज एकदम फेडू नका. आधी उपचार सुरू करा, मग हप्ते बांधा. दारू आणि उदासी याच्या सोबत असते, तीही डॉक्टरांना सांगा. टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आहे. तो फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो, तिथे समुपदेशन मिळते. ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० वर कळवा.

पोलिसांच्या भीतीने गप्प बसू नका. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्यांना आणि जाहिरात करणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही. तरीही लिंक येतातच, आणि सुरुवातीला ‘बोनस’ म्हणून फुकट पैसे दिलेले दाखवतात. पहिल्या दिवसाची जीत ती हीच. येत्या रविवारी विहारात बसाल तेव्हा हे पान मोठ्याने वाचा, आणि १४४१६ हा आकडा प्रत्येक घरात लिहून लावा.