स्वतः न वाजणारे वाद्य : मिडी कंट्रोलरची ओळख

आपल्या शाळेच्या सभागृहातील पेटीवर ज्यांची बोटे प्रथम फिरली, अशा अनेक माजी विद्यार्थ्यांपैकी मी एक आहे. पुढे नोकरी लागली आणि साठविलेल्या पैशांतून मी संगणकावर संगीत करण्यासाठी एक कीबोर्ड विकत घेतला. घरी आणून मोठ्या उत्साहाने संगणकाला जोडला, पट्ट्या दाबल्या. परंतु एकही सूर उमटला नाही. आपण फसविले गेलो, अशा समजुतीने ते वाद्य मी आठ दिवस कपाटात ठेवून दिले. दोष वाद्याचा नव्हता, माझ्या अज्ञानाचा होता. आज अनेक पालक मला विचारतात, "मुलाला संगीताची आवड आहे, त्याला काय घेऊन द्यावे?" कष्टाचा पैसा योग्य ठिकाणी खर्च व्हावा, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

आवाज नव्हे, संदेश

मिडी कंट्रोलर स्वतः वाजत नाही. त्याच्यात ना पेटीप्रमाणे भाता व सूर असतात, ना बाजारातील सामान्य कीबोर्डप्रमाणे आवाज आणि स्पीकर. आपण पट्टी दाबली की तो संगणकाला केवळ संदेश पाठवितो : कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली. हे सारे आकड्यांत सांगितले जाते. पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक असून पाश्चात्त्य संगीतातील मध्य 'सी' या स्वराचा क्रमांक ६० आहे. आघाताचा जोरही १२७ पर्यंतच्या आकड्यांतच मोजला जातो. संदेश वाचून प्रत्यक्ष नाद निर्माण करण्याचे काम संगणकातील सॉफ्टवेअर करते. म्हणून एकाच पट्टीतून आज सतार, उद्या बासरी ऐकू येऊ शकते.

ही कल्पना आपल्याला वाटते तितकी परकी नाही. वाद्यवृंदात व मिरवणुकीत दिसणारा ऑक्टोपॅड सर्वांच्या परिचयाचा आहे. १९८५ साली आलेल्या पहिल्या ऑक्टोपॅडमध्ये स्वतःचा एकही आवाज नव्हता. तो दुसऱ्या यंत्राला संदेश पाठवून वाजवून घेत असे.

१९८० पूर्वी एका कंपनीचे इलेक्ट्रॉनिक वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी सहज जोडता येत नसे. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेऊन सर्वांसाठी एक समान भाषा घडविली. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील वाद्यांच्या प्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून वाजविण्यात आली. विशेष म्हणजे, ही भाषा वापरण्यासाठी त्यांनी कोणाकडूनही परवाना शुल्क घेतले नाही. २०१३ साली या दोघांना तांत्रिक कार्यासाठीचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

निवड आणि जोडणी

कंट्रोलर २५, ४९, ६१ व ८८ पट्ट्यांचे मिळतात. २५ पट्ट्यांत दोनच सप्तके येतात. पेटी शिकलेल्या विद्यार्थ्याला ४९ पट्ट्या पुरेशा ठरतात. आघाताचा जोर ओळखणाऱ्या पट्ट्या आहेत ना आणि यूएसबी जोडणी आहे ना, एवढे अवश्य पाहावे. घरी बरा संगणक नसेल, तर आधी त्याचा विचार करावा, अन्यथा वाद्य मुकेच राहील.

जोडणीचा क्रम सोपा आहे. कंट्रोलर यूएसबी तारेने संगणकाला जोडावा. बहुतेकांना वीजही त्याच तारेतून मिळते. त्यानंतर ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर उघडावे. ॲपलच्या संगणकावर गॅरेजबँड आणि इतरत्र एलएमएमएस ही विनामूल्य साधने आरंभाला उत्तम आहेत. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये मिडी इनपुट या ठिकाणी आपल्या कंट्रोलरचे नाव निवडावे. मग नवा ट्रॅक घेऊन त्यावर एखादे वाद्य ठेवावे आणि तो ट्रॅक मुद्रणासाठी सज्ज करावा. आता पट्टी दाबली की सूर उमटेल. न उमटल्यास घाबरू नये. संदेश पोहोचतो आहे का, ट्रॅकवर वाद्य ठेवले आहे का आणि आवाज योग्य स्पीकरकडे जातो आहे का, हे याच क्रमाने तपासावे. माझ्या कपाटातील वाद्याची अडचण दुसऱ्या टप्प्यावर होती. ट्रॅकवर वाद्यच नव्हते.

कधी सूर उमटतो, पण किंचित उशिरा. संगणक ध्वनीचे लहान तुकडे साठवून मग ऐकवितो, त्यामुळे असे होते. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या गतीने १०२४ नमुन्यांचा साठा असेल, तर केवळ त्यामुळे सुमारे २३ सहस्रांश सेकंदांचा विलंब होतो आणि ताल हातातून निसटतो. बफर या सेटिंगमध्ये हाच साठा १२८ वर आणला, की तो विलंब सुमारे ३ सहस्रांश सेकंदांवर येतो. मात्र साठा फार कमी केल्यास आवाज तुटू लागतो. आपल्या संगणकाला मानवेल तो आकडा शोधावा.

पेटी वाजविणाऱ्यांसाठी

पेटीवर पट्टी हळू दाबली वा जोराने, आवाज भात्यावरच ठरतो. कंट्रोलरवर मात्र प्रत्येक बोटाचा आघात मोजला जातो, म्हणून आरंभी सूर कमी-अधिक येतात. हा दोष नव्हे, ते नवे शिक्षण आहे. भात्यावरचा डावा हात येथे मोकळा होतो. त्याच्यासाठी डावीकडे बहुधा दोन चाके असतात. एकाने स्वर वरखाली सरकतो. सामान्यतः त्याची मर्यादा दोन अर्धस्वरांची, म्हणजे सा पासून शुद्ध रे पर्यंत असते. पेटीवर अशक्य असलेली मींड येथे घेता येते. दुसऱ्या चाकाने बहुतेक वाद्यांत कंप वा आवाजाची छटा बदलते. गायकाची पट्टी काळी एक असेल, तर ट्रान्सपोजचे बटण एकदा वर दाबावे. बोटे पांढरी एकच्या ओळखीच्या जागीच राहतील.

मुद्रणानंतर चुकलेला एखादा स्वर संपूर्ण गाणे पुन्हा न वाजविता दुरुस्त करता येतो. लयीबाहेर गेलेले स्वर मात्रेवर आणण्याचीही सोय असते. परंतु ती जपून वापरावी. ढोलकीचा ठेका पूर्णपणे सरळ केला, की त्यातील लचक नाहीशी होते. शक्य असेल तेथे ही दुरुस्ती अर्धीच लागू करावी.

सीडीच्या दर्जाचे एक मिनिटाचे ध्वनिमुद्रण सुमारे १० एमबी जागा घेते. मिडीत एका स्वराच्या संदेशाला अवघे तीन बाइट लागतात. पण मानवी कंठ मिडीत मावत नाही. त्यासाठी मायक्रोफोनच हवा.

गावोगावच्या भजनी मंडळांची आणि गायन पार्ट्यांची कितीतरी गाणी गाणाऱ्यांच्या कंठातच राहिली. आज एक साधा कंट्रोलर, एक संगणक आणि एक मायक्रोफोन एवढ्या सामग्रीवर आपल्या मुली-मुलांना ती साथसंगतीसह जतन करता येतील. माजी विद्यार्थ्यांनी मिळून असा एक संच शाळेला दिला, तर सभागृहातील जुन्या पेटीला एक धाकटे भावंड लाभेल. मात्र पालकांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. यंत्र संदेश तेवढा पोहोचविते. संदेशात काय सांगायचे, ते रियाझ केलेल्या बोटांनी आणि तयार कानांनीच ठरवावे लागते. म्हणून मुलाची पेटी सोडवू नका. तिच्या शेजारी हे न वाजणारे वाद्य ठेवा.