रुईची गाठ आणि घर्षणाचा हिशेब

परभणी जिल्हा हा काळ्या जमिनीचा व कापसाचा मुलूख. मानवत, सेलू येथील बाजारपेठा कापसासाठीं सर्वांस परिचित आहेत. सरकी काढून यंत्रानें दाबलेल्या रुईची गाठ साधारणपणें १७० किलोग्रॅम वजनाची असते. अशी गाठ फळीवरून मालमोटारींत चढवितांना हातून सुटली, तर खालीं उभ्या असलेल्या हमालाच्या जिवावर बेततें. तेव्हां फळी किती लांब असावी, हा प्रश्न केवळ सोयीचा नाहीं. पदार्थविज्ञानाच्या वर्गांत घर्षणाचीं जीं उदाहरणें आपण सोडवितों, त्यांतच त्याचें उत्तर आहे. तें येथें क्रमानें पाहूं.

प्रथम सपाट पृष्ठभाग घेऊं. एक वस्तु दुसरीवरून सरकूं पाहते तेव्हां तिला विरोध करणाऱ्या बलास घर्षण म्हणतात. फ्रान्समधील आमाँताँ यानें १६९९ सालीं दाखविलें कीं, दोन पृष्ठभाग जितक्या जोरानें एकमेकांवर दाबले जातात, त्या प्रमाणांत घर्षण असतें. स्पर्शाचें क्षेत्रफळ लहान कीं मोठें, यावर तें अवलंबून नसतें. पुढें १७८१ सालीं कुलंब यानें आपल्या प्रयोगांनीं या नियमांस बळकटी आणिली. घर्षणास दाबानें भागिलें असतां जो आंकडा येतो, तो घर्षणगुणांक होय. गाठीवरील कापड व लाकडी फळी यांचा गुणांक हिशेबापुरता ०.४ धरूं. सपाट फळीवर दाब गाठीच्या वजनाइतकाच. म्हणून ती हलविण्यास १७० × ०.४ = ६८ किलोग्रॅम-भार बल हवें. गाठ आडवी असो वा उभी, उत्तर तेंच.

आतां उतरण घेऊं. येथें वजनाचे दोन भाग पडतात. एक फळीवर लंब दिशेनें दाबतो. दुसरा गाठीस उतारानें खालीं ओढतो. घर्षण काढतांना पहिलाच भाग घ्यावयाचा असतो, सगळें वजन नव्हे.

मालमोटारीचा तळ १.२ मीटर उंच व फळी २ मीटर लांब आहे, असें समजा. मग पाया १.६ मीटर होतो.

दाब = १७० × १.६ ÷ २ = १३६
ओढ = १७० × १.२ ÷ २ = १०२
घर्षण = १३६ × ०.४ = ५४.४

ओढ घर्षणाहून ४७.६ नें अधिक आहे. इतका भार हमालांनीं सतत पेलून धरला पाहिजे. हात सुटला कीं गाठ खालीं आलीच. वर ढकलतांना तर घर्षणही उलट बाजूस जातें, म्हणून १०२ + ५४.४ = १५६.४ किलोग्रॅम-भार जोर लागतो.

तीच फळी ४ मीटर लांब घेतली तर ओढ ५१, दाब सुमारें १६२ व घर्षण सुमारें ६५ येतें. आतां गाठ आपोआप घसरत नाहीं, व चढविण्यास सुमारें ११६ इतकाच जोर पुरतो.

परंतु येथें सावध राहिलें पाहिजे. वस्तु एकदां चालूं लागली कीं घर्षण बहुधा कमी होतें. गुणांक ०.३ वर आला असें मानल्यास घर्षण सुमारें ४९ होईल, ओढ मात्र ५१ च राहील. म्हणजे स्थिर असलेली गाठ धक्का बसतांच घसरत जाईल. उंचीस या गुणांकानें भागिलें कीं सुरक्षित पायाची मर्यादा कळते: १.२ ÷ ०.३ = ४ मीटर. पाया याहून अधिक हवा. साडेचार मीटरांची फळी तो देते.

हा गुणांक विद्यार्थ्यांनीं घरींच काढावा. पाटावर वीट ठेवून पाटाचें एक टोक हळूहळू उचलावें. वीट सुटेल त्या क्षणीं थांबून उंची व पाया मोजावा, आणि उंचीस पायानें भागावें. विटेचें वजन लागतच नाहीं. कारण ओढ व दाब दोन्ही वजनाच्याच प्रमाणांत वाढतात. मग पाट ओला करून प्रयोग पुन्हां करावा व दोन्ही आंकडे वहींत शेजारीं शेजारीं लिहावे. ते निराळे आले, तर कोरड्या दिवशीं निर्धोक असलेली उतरण पावसांत पुन्हां मोजून कां पहावी, हें सांगण्यास दुसऱ्या पुराव्याची गरज उरणार नाहीं.