सरकीवरचा रंगीत पापुद्रा

शिरपूर तालुक्यात लागवडीच्या दिवसांत कपाशीची बॅग फोडली की गुलाबी, निळी नाहीतर हिरवी सरकी हातात येते. हा रंग सरकीचा नव्हे. तिच्यावर औषधाचा पातळ पापुद्रा चढवलेला असतो आणि पिकाचे पहिले काही आठवडे त्याच्याच भरवशावर जातात.

जिनमध्ये रुई निघाली तरी सरकीवर आखूड लव उरते आणि दाणे एकमेकांत गुंततात. पूर्वी शेतकरी सरकीला शेण-माती चोळून ते सुटे करत. आता बियाणे तयार करताना तीव्र गंधकाम्लाने लव जाळतात आणि दाणे धुतात. धुताना पोचट दाणे तरंगून वेगळे होतात. उरलेल्या गुळगुळीत, काळ्या दाण्यांवर कीटकनाशक, बुरशीनाशक, चिकटद्रव्य आणि रंग यांचा लेप बसतो. इमिडाक्लोप्रिडची ७० टक्के भुकटी वापरली, तर किलोभर सरकीला ५ ते १० ग्रॅम पुरते.

एवढ्याशा औषधाचे काम मोठे आहे. देशात २००२ मध्ये परवानगी मिळालेली बीटी कपाशी बोंडअळीसाठी होती. मावा, तुडतुडे, फुलकिडे पानातला रस शोषतात. बीटीच्या प्रथिनाने त्यांचे काही बिघडत नाही. त्यांना रोखतो तो हा लेप. ओल लागली की औषध विरघळते, मुळांवाटे आत शिरते आणि रसाबरोबर पानांत चढते. रोप कोवळे असते तोवर पानातला रसच किडीला विषारी होतो. पुढे झाड वाढते, औषध पातळ होत जाते आणि महिन्याभराने असर ओसरतो.

म्हणूनच कीड न पाहता पंधराव्या-विसाव्या दिवशी पंप पाठीवर घेणे मला चुकीचे वाटते. त्यातही त्याच गटातले औषध मारले, तर ढालकिडा, क्रायसोपा हे मित्रकीटक मरतात आणि तगलेल्या तुडतुड्यांची पुढची पिढी औषधाला दाद देईनाशी होते. देशात कपाशीवरच्या तुडतुड्यांत अशी प्रतिकारशक्ती आढळलेली आहे. आधी पान उलटून किडी मोजाव्यात, मग फवारणीचे ठरवावे.

रंगाचे काम वेगळे. खानदेशात सरकी म्हणजे गुरांचा खुराक, आणि लेप लावलेली सरकी विषारी असते. रंग दिसला की ती दावणीत टाकायची नाही. लावताना हातमोजे घालावेत, त्याच हाताने तंबाखू मळू नये आणि उरलेले दाणे गुराढोरांच्या, कोंबड्यांच्या वाटेला जाऊ देऊ नयेत.