तीस वर्षांची टपालगाडी आणि तिच्यातला माणूस

तुम्ही इंदूरहून ऐकत असाल, बडोद्याहून, बेंगळुरूहून किंवा पुण्याहून. आज सुरुवात एका कोड्याने करू. अमेरिकेत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून स्टिअरिंग डावीकडे असतं. तरीही तिथे एक गाडी रोज गल्लोगल्ली दिसते, जिचं स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे आहे. कोणती?

टपालाची. मी बहिणीकडे न्यू जर्सीला गेलो होतो, तेव्हा दुपारी खिडकीतून ही गाडी बघायचो. पांढरी, चौकोनी, डबडं म्हणावं अशी. पोस्टमन बाई फाटकाशी थांबायच्या, बसल्या जागेवरून हात बाहेर काढून पेटीत पत्रं टाकायच्या आणि पुढे जायच्या. पेट्या फुटपाथच्या कडेला, म्हणून स्टिअरिंग त्या बाजूला. किती साधा विचार! पण तो जुलै होता आणि बाईंचा शर्ट पाठीला चिकटलेला होता. मी बहिणीला विचारलं, "ताई, यांच्या गाडीत एसी नाही?" ती म्हणाली, "नाही रे, कधीच नव्हता." तेव्हापासून मी या गाडीबद्दल वाचू लागलो.

तिचं नाव 'लाँग लाइफ व्हेइकल', म्हणजे दीर्घायुषी वाहन. बनवणारी कंपनी ग्रमन, जिने अपोलो मोहिमेसाठी चंद्रावर उतरणारं यान बनवलं होतं. 1987 ते 1994 या काळात अशा 1,40,000 हून अधिक गाड्या बनल्या. ॲल्युमिनियमची बॉडी, न गंजणारी. आयुष्य 20 वर्षांचं धरलं होतं. ते पुढे वाढवत 30 पर्यंत नेलं, आणि कित्येक गाड्या त्यानंतरही रस्त्यावरच राहिल्या.

आता कागदावर गाडीचं आयुष्य वाढवणं सोपं असतं. ते वाढलेलं आयुष्य प्रत्यक्षात काढतो कोण? आत बसलेला माणूस. एअरबॅग नाहीत, एबीएस ब्रेक नाहीत. उन्हाळ्यात एक छोटा पंखा गरम हवाच तोंडावर फेकतो. धातूचा डबा बाहेरच्या हवेपेक्षा जास्त तापतो. दिवसात शेकडो वेळा थांबून पुन्हा निघणारं हे इंजिन प्रत्यक्ष वापरात लिटरला साधारण चार किलोमीटरच देतं. अनेक सुटे भाग बाजारात मिळेनासे झाले. शेकडो गाड्यांना आगी लागल्या. 2018 च्या जुलैत लॉस एंजेलिस भागात पारा 47 अंशांपर्यंत गेला, त्या दिवशी एक पोस्टमन बाई आपल्याच टपालगाडीत मृतावस्थेत सापडल्या.

कामही बदललं होतं. ही गाडी पत्रांसाठी बनली होती. अमेरिकेत फर्स्ट क्लास पत्रांची संख्या 2001 मध्ये सर्वाधिक, सुमारे 103 अब्ज होती. 2023 पर्यंत ती 46 अब्जांवर आली. त्या जागी ऑनलाइन खरेदीची खोकी आली. बसल्या जागेवरून पत्र टाकता येतं, पण खोकं टाकता येत नाही. त्यासाठी उतरायचं, मागे जायचं, वाकून खोकं शोधायचं, दारापर्यंत न्यायचं. हे दिवसभर. कंबर आणि गुडघे याचा हिशोब ठेवतातच.

मग गाड्या वेळेवर का बदलल्या नाहीत? तिथलं टपाल खातं रोजच्या खर्चासाठी सहसा करांचा पैसा घेत नाही, तिकिटं आणि पार्सलांच्या कमाईवर चालतं. 2006 च्या कायद्याने निवृत्तांच्या आरोग्य खर्चासाठी वर्षाला सुमारे साडेपाच अब्ज डॉलर आगाऊ बाजूला काढण्याची सक्ती केली. 2012 पासून ते हप्ते थकले. अशा संसारात नवी गाडी नेहमी पुढच्या वर्षावर ढकलली जाते. ही अट 2022 मध्ये रद्द झाली.

नव्या गाडीची प्रक्रिया 2015 मध्ये सुरू झाली. कंत्राट दिलं गेलं फेब्रुवारी 2021 मध्ये, लष्करी वाहनं बनवणाऱ्या ऑशकॉश डिफेन्सला. लगेच वाद पेटला, कारण सुरुवातीच्या योजनेत विजेवर चालणाऱ्या गाड्या फक्त दहा टक्के होत्या. आणि पेट्रोलची नवी गाडी एसी लावल्यावर जवळपास जुनीइतकंच पेट्रोल पिणार होती. खरं तर टपालाची फेरी विजेच्या गाडीसाठीच बनल्यासारखी आहे: अंतर थोडं, थांबे भरपूर, रात्री गाडी एका जागी उभी. 2022 मध्ये संसदेने सुमारे तीन अब्ज डॉलर दिले आणि योजना बदलली: 2028 पर्यंत 1,06,000 गाड्या, त्यातल्या 66,000 विजेच्या. पण कारखान्यातून गाड्या फार सावकाश आल्या.

पहिल्या नव्या गाड्या 2024 मध्ये जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावात धावू लागल्या. बुटकं बॉनेट, भलीमोठी काच. लोक म्हणाले, हे तर बदक! चालवणाऱ्यांना मात्र ती आवडली. एसी आहे, चहूबाजूंचे कॅमेरे आहेत, आणि मागच्या भागात ताठ उभं राहता येतं.

मंडळी, मला यातली शेवटची गोष्ट सर्वांत मोठी वाटते. पेट्रोल की वीज, हा वाद महत्त्वाचाच आहे. पण तो चालू असताना कुणीतरी रोज त्याच तापलेल्या डब्यात बसत होतं. निर्णय लांबतो तेव्हा तो फुकट लांबत नाही. त्याचं भाडं कुणीतरी अंगाने भरत असतं. पुढच्या वेळी तुमच्या दारात पोस्टमन येईल, तेव्हा आधी पाणी विचारा. आणि मग विचारा, "दादा, गाडी कशी आहे?" पुढच्या भागात भेटू.